सव्वीस टीबी लग्नं आणि एक अपग्रेड : चातुर्मासातल्या नोंदी

७ जुलै २०२५

काल आषाढी झाली. आता तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्या धंद्यात सामसूम. काढीव मुहूर्ताची दोन-चार लग्नं सोडली तर सांगलीतले शूटिंगवाले या दिवसांत लेन्स पुसत बसतात. दर चातुर्मासात मी ठरवतो की हार्ड डिस्कचा पसारा आवरायचा, आणि दर वर्षी गणपती येतात. यंदा मात्र दोन कारणांनी गळ्याशी आलंय.

पहिलं कारण म्हणजे पुण्याचा जो मुलगा माझे हायलाइट, म्हणजे लग्नाच्या छोट्या फिल्म, कापतो, तो दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या १९ व्या आवृत्तीवर गेला आणि मी अजून १७ वर. त्याने पाठवलेला प्रोजेक्ट माझ्याकडे उघडत नाही. जुना प्रोजेक्ट नव्यात उघडतो, नवा जुन्यात नाही.

दुसरं कारण तासगावच्या एका ताईंचा फोन. २०१२ मध्ये त्यांच्या लग्नाचं शूटिंग मी केलं होतं. "दादा, आमच्या आजोबांनी एक मंगलाष्टक स्वतः म्हटलं होतं बघा. धाकटीच्या लग्नात लावायचंय. आजोबा आता नाहीत." डीव्हीडी त्यांच्याकडे आहे, पण त्यात त्या जागी मी सिनेमातलं गाणं टाकलं होतं. तेव्हा सगळेच टाकायचे. आवाज हवा तर मूळ फुटेज हवं. चार दिवस शोधलं. जुन्या मशिनवरच्या प्रीमिअरमध्ये (तेव्हाचं आमचं एडिटिंग सॉफ्टवेअर) प्रोजेक्ट उघडला आणि टाइमलाइनभर लालभडक 'मीडिया ऑफलाइन', म्हणजे फुटेज जागेवर नाही. ताईंना सांगितलं, दिवाळीपर्यंत वेळ द्या.

नोंदी अशासाठी ठेवतोय की आमच्या ओळखीतल्या प्रत्येक स्टुडिओत हाच खोका आहे. कुणी हे काम काढलं तर निदान माझ्या चुका परत करू नयेत.

८ जुलै

मोजणी. एकोणीस हार्ड डिस्क, ५०० जीबीपासून ४ टीबीपर्यंत. चार बुटांच्या खोक्यांत, दोन देवघराच्या कपाटात, एक कॅमेऱ्याच्या बॅगेत गेल्या वर्षीपासून. वर लिहिलेलं : 'लग्न मिक्स', 'नवीन', 'नवीन २', 'पुसू नये'. 'पुसू नये' रिकामी निघाली.

बायकोने एक्सेल उघडून बसायचं आणि मी डिस्क लावून फोल्डर वाचून दाखवायचे, अशी वाटणी. एकूण डेटा २६.४ टीबी. एकोणिसांपैकी दोन फिरत नाहीत. त्यातली एक नुसती टक-टक करते. ती लगेच काढून बाजूला ठेवली. टकटकणारी डिस्क परत परत लावून बघायची नसते, आतलं आणखी खरवडतं.

आजचा वाया गेलेला वेळ : १३ तास. १.८ टीबीची एक डिस्क रात्री कॉपीला लावून झोपलो, सकाळी बघतो तर अजून चालू. कॅबिनेटच्या पुढच्या काळ्या पोर्टला लावली होती, म्हणजे यूएसबी २. सेकंदाला ३८ एमबी. मागच्या निळ्या पोर्टला तीच डिस्क ११० देते. पुढच्या पोर्टवर आता चिकटपट्टी मारली आहे.

१० जुलै

गुरुपौर्णिमा. धडा मिळाला, फी जबर.

रिझॉल्व्हची विसावी आवृत्ती मे अखेरीस आलीय, पण शून्यावर संपणारी आवृत्ती मी धंद्याच्या मशिनवर घालत नाही. १९.१ घ्यायचं ठरवलं, कित्येक महिने लोकांनी वापरलेलं आहे. स्टुडिओ लायसन्स जुनंच चाललं, वेगळे पैसे नाहीत.

विंडोजवर नवीन घातलं की जुनं जातं, दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी राहत नाहीत, हे ठाऊक होतं. म्हणून चालू कामांचे प्रोजेक्ट आधी एक-एक करून डीआरपी फाइलमध्ये (रिझॉल्व्हच्या एका प्रोजेक्टची सुटी फाइल) एक्सपोर्ट करायला घेतले. चौदा होते. अकरा झाले आणि फोन आला. फोन संपल्यावर मी सरळ इन्स्टॉलर चालवला.

१९ उघडल्यावर त्याने विचारलं, ही लायब्ररी जुनी आहे, अपग्रेड करू? मी हो म्हटलं. (लायब्ररी म्हणजे सगळे प्रोजेक्ट जिथे साठतात ती जागा. १७ मध्ये जिला डेटाबेस म्हणायचे तिलाच आता प्रोजेक्ट लायब्ररी म्हणतात.) अपग्रेड चाळीस सेकंदांत झालं. प्रोजेक्ट उघडला तर आवाजाची घरघर काढणारं माझं बाहेरचं प्लगइन गायब. जुनं लायसन्स नव्या रिझॉल्व्हमध्ये चालत नाही, नवं घ्या, ८,५०० रुपये. चिडून १९ काढलं, १७ परत घातलं. १७ त्या लायब्ररीकडे बघायलाच तयार नाही. अपग्रेड झालेली लायब्ररी मागे येत नाही.

अकरा प्रोजेक्ट डीआरपीमुळे दहा मिनिटांत परत. उरले तीन. लायब्ररीच्या फोल्डरची कॉपी एका डिस्कवर होती, पण २६ जूनची. दोन प्रोजेक्टांत त्यानंतर फारसं काही केलेलं नव्हतं. तिसरा, मिरजेचं लग्न, एक तास चाळीस मिनिटांची फिल्म. दोन आठवड्यांत तिची सगळी कलर ग्रेडिंग, म्हणजे शॉटचे रंग जुळवणं, झाली होती. ती गेली.

१४ जुलै

मिरजेची ग्रेडिंग पुन्हा. साडेतीन दिवस. हळदीच्या शॉटला तोच पिवळा परत जमत नाही. गिऱ्हाइकाला फरक कळणार नाही, मला कळतो.

१७ जुलै

अपग्रेड, दुसरा प्रयत्न. या वेळी क्रम असा :

सगळे प्रोजेक्ट डीआरपी. मोजून चौदा. फोन बंद. लायब्ररीचा अख्खा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर, तारखेसह. १७ चा इन्स्टॉलर जपून ठेवला. कंपनीच्या सपोर्ट पानावर जुने मिळतात, पण मला भरवसा हातातल्या फाइलवर. जुन्या मशिनवर १७ तसंच ठेवलं, त्याला नेट नाही. नव्या मशिनवर १९ घातल्यावर जुन्या लायब्ररीला हात न लावता नवीन रिकामी लायब्ररी केली आणि त्यात डीआरपी आयात केले. पहिल्यांदाच असं केलं असतं तर अपग्रेडला एक दुपार पुरली असती.

दोन प्रोजेक्टांतले जुने प्रिंट शेजारी लावून तपासले. कट जागेवर, रंग जागेवर. जिथे प्लगइन होतं तिथे त्याची खूण राहते पण परिणाम शून्य, आणि रिझॉल्व्ह ओरडून काही सांगत नाही, रेंडर करून मोकळं होतं. वरातीतला जनरेटर नीट ऐकल्यावर कळला. शेवटी प्लगइनचं नवं लायसन्स घेतलं. आता नवीन कामाला रिझॉल्व्हमधलंच व्हॉइस आयसोलेशन वापरतोय. हलगीच्या मागून भटजींचा आवाज बऱ्यापैकी वर येतो, फक्त जास्त ओढला तर भटजी बादलीत बसून बोलल्यासारखे वाटतात.

२१ जुलै

आता खरं काम. काय ठेवायचं?

रेंडर कॅश, प्रॉक्सी, ऑप्टिमाइझ्ड मीडिया, वेव्हफॉर्मच्या फाइली या सॉफ्टवेअरने कामापुरत्या बनवलेल्या असतात, हे सगळं परत बनतं, म्हणून सरळ पुसलं. नुसतं एवढंच ३.९ टीबी निघालं. पाच वर्षं मी जपून ठेवलेला हा कचरा.

मास्टर, म्हणजे तयार फिल्मची पक्की प्रत, कशात ठेवायचा यावर दिवसभर डोकं खाल्लं. पुस्तकी उत्तर डीएनएक्सएचआर, दर्जा राखणारा पण जागा खाणारा व्हिडिओ प्रकार. हिशेब केला : आमच्या पंचवीस फ्रेमच्या एचडी फिल्मला त्याच्या एचक्यू दर्जात तासाला सुमारे ८३ जीबी. लग्नाची फिल्म तीन तासांची. एका लग्नाला अडीचशे जीबी मास्टर ठेवणारा स्टुडिओ सांगलीत तरी नाही. म्हणून वीस मिनिटांचं हायलाइट डीएनएक्सएचआरमध्ये आणि लांब फिल्म एच.२६४ या जास्त दाबलेल्या प्रकारात, ५० मेगाबिटला. तासाला साडेबावीस जीबी. टीव्ही चॅनेलवाले हसतील, हसू देत.

मूळ फुटेज : करारात 'दोन वर्षं' असं छापलेलं आहे, कुणी वाचत नाही. ज्यांना तीन वेळा फोन करून 'नको हो दादा, टाका काढून' असं उत्तर आलं, त्यांचंच काढलं. १.५ टीबी. बाकी ठेवलं.

प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये आता डीआरपी असते आणि त्याच टाइमलाइनचा एक्सएमएलही (इतर सॉफ्टवेअरला वाचता येणारी कटांची यादी) असतो. उद्या रिझॉल्व्ह सोडावं लागलं तर एक्सएमएलमधून कट तरी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जातील. रंग जाणार नाहीत, टायटल जाणार नाहीत, पण कुठे कापलं ते जाईल. आणि 'आधी हे वाचा' नावाची साधी मजकुराची फाइल : कुठल्या आवृत्तीत केलं, कुठले फॉन्ट, कुठलं प्लगइन, किती कार्डं होती.

२४ जुलै

दुसरी मोठी चूक, ही पहिलीपेक्षा वाईट.

कॉपीसाठी रोबोकॉपी वापरतो. विंडोजमध्येच असतं, मधेच तुटलं तर पुढून सुरू करतं. मराठी नावं पडद्यावर प्रश्नचिन्हांसारखी दिसतात, पण कॉपी बरोबर होते. लॉग नीट हवा तर युनिकोड लॉगचा पर्याय द्यायचा.

त्यातला मिरर पर्याय म्हणजे 'इकडे जे आहे तेवढंच तिकडे ठेव'. त्यातल्या 'तेवढंच'कडे माझं लक्ष नव्हतं. २०१३ चा फोल्डर दोन जुन्या डिस्कवर अर्धा-अर्धा होता. पहिली डिस्क नव्या डिस्कवर मिरर केली, मग दुसरी त्याच जागी मिरर केली. दुसरीत नसलेलं सगळं त्याने नव्यावरून पुसायला घेतलं. पडद्यावर पुसल्याच्या ओळी सरकताना दिसल्यावर कंट्रोल-सी दाबलं. तोवर २१२ जीबी गेले होते.

वाचलो ते आळसामुळे. जुनी डिस्क अजून पुसली नव्हती. पण तिच्यात आता बॅड सेक्टर, म्हणजे वाचता न येणाऱ्या जागा, आहेत, आणि पहिल्या खेपेला सुखरूप आलेल्या फाइलींपैकी तीन दुसऱ्या खेपेला आल्या नाहीत. कुपवाडच्या एका लग्नाचं रुखवत, दुसऱ्या कॅमेऱ्याचं. फिल्ममध्ये आहे, मूळ नाही.

मिरर बंद. आता फक्त 'उपफोल्डरांसह कॉपी' एवढाच पर्याय, आणि आधी 'नुसतं दाखव, करू नको' लावून यादी वाचायची. यादी बायको वाचते, मी नाही.

२९ जुलै

नागपंचमी. मदतीचा मुलगा शिराळ्याचा, त्यामुळे सुट्टी. एकटाच होतो, आणि दिवसभर एका अक्षराने छळलं.

२०१६ चं कऱ्हाडचं लग्न. एका फोल्डरमध्ये 'वऱ्हाड आगमन' नावाचे तीन फोल्डर. एकाच जागी एकाच नावाचे तीन फोल्डर विंडोज ठेवूच देत नाही. डोळे चोळले, चष्मा पुसला. तरी तीनच.

नोटपॅडमध्ये नावं चिकटवून एक-एक अक्षर बॅकस्पेसने खोडत गेलो तेव्हा उलगडलं. दिसायला तीनही 'ऱ्ह', पण आत वेगळे. पहिल्यात ऱ हे एकच अक्षर आणि मग हलन्त. दुसऱ्यात साधा र आणि खाली वेगळा नुक्ता. तिसऱ्यात साधा र, हलन्त, आणि मध्ये एक न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर. पहिला मी इनस्क्रिप्टने टाइप केलेला. तिसरा मदतनिसाने दुसऱ्या कीबोर्डवरून. दुसरा पुण्याहून जुन्या मॅकवर बनलेल्या झिपमधून आलेला. मॅकची जुनी फाइल सिस्टीम अशी अक्षरं फोडून ठेवते, ऱ चा र आणि नुक्ता करते, आणि झिपमध्ये तसंच येतं. विंडोजच्या दृष्टीने ही तीन वेगळी नावं आहेत. रिझॉल्व्हच्या दृष्टीनेही. म्हणून त्या लग्नाचा अर्धा मीडिया ऑफलाइन दिसत होता आणि मी दोन वर्षं समजत होतो की फुटेज हरवलं.

हिंदीवाल्यांना हा ताप कमी. त्यांना ऱ लागत नाही. आपल्याकडे वऱ्हाड, कऱ्हाड, पायऱ्या, दुसऱ्या दिवशीची पूजा… लग्नाच्या घरात हे अक्षर जागोजाग.

नावं आता सगळी इंग्रजी अक्षरांत : वर्ष, महिना, दिवस, गाव, आडनाव. मराठी नाव आतल्या मजकुराच्या फाइलीत. लिहिताना वाईट वाटलं. पण फोल्डरचं नाव मशिनने वाचायचं असतं.

नाव बदललं की जुने प्रोजेक्ट फुटेज ओळखत नाहीत, हे उघड आहे. प्रत्येक प्रोजेक्ट उघडून रीलिंक, म्हणजे फुटेज नव्या जागेवरून परत जोडणं. चार प्रोजेक्टांना एक संध्याकाळ.

३ ऑगस्ट

किरकोळ दोन.

फाइलचा रस्ता (फोल्डरांच्या नावांसह पूर्ण पत्ता) लांब झाला की विंडोज एक्सप्लोरर अडतो, २६० अक्षरांची मर्यादा. रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट आर्काइव्ह (प्रोजेक्ट आणि त्याचं फुटेज एकत्र) मूळ फोल्डरांची अख्खी उतरंड आत तशीच ठेवतो, त्यामुळे 'डेस्कटॉप, नवीन फोल्डर, फायनल, फायनल खरं, कॅमेरा २…' करत मर्यादा ओलांडली. रोबोकॉपीला लांब रस्ता चालतो, एक्सप्लोररला नाही, म्हणून कॉपी झालेली फाइल दिसते पण उघडत नाही. उपाय : डिस्कच्या मुळाशी छोट्या नावाचा फोल्डर, त्यातच आर्काइव्ह.

दुसरं, फॉन्ट. २०१२ च्या त्या तासगावच्या प्रोजेक्टमध्ये 'चि. सौ. कां.' च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि टिंबांची खिचडी. तेव्हा टायटल श्रीलिपीच्या काळातल्या फॉन्टमध्ये व्हायची, म्हणजे आत इंग्रजी अक्षरंच आणि फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉन्ट गेला की मराठी गेली. जुन्या मशिनच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये तो सापडला, पण तो किती पिढ्या सोबत वागवायचा? टायटल युनिकोडमध्ये परत टाइप केली, मुक्ता फॉन्टमध्ये. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा आहे, फुकट आणि मोकळा, कुठेही घालता येतो. प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये आता 'फॉन्ट' नावाचा उपफोल्डर आहे.

९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. बहीण विट्याहून आली आणि मी तिला राखी बांधून घेता-घेता आजोबांची गोष्ट सांगत बसलो, इतकं डोक्यात भरलं होतं.

झालं असं. प्रीमिअरचा तो प्रोजेक्ट सेव्हन-झिपने सोडवून मजकुरासारखा उघडला. जुन्या काही फाइली सरळ मजकुरातच उघडतात, नंतरच्या दाबलेल्या असतात, पण सोडवल्या की आत वाचता येणारा मजकूरच. प्रीमिअर नसलं तरी कुठलं फुटेज कुठून घेतलं ते त्यात सापडतं. अंतरपाटाच्या वेळची क्लिप : ००००३.एमटीएस. आणि ही फाइल आमच्याकडे होती! 'तासगाव' फोल्डरमध्ये. उघडली तर वरमाईचे पाय धुण्याचा कार्यक्रम.

कारण असं. आमचा तेव्हाचा एव्हीसीएचडी प्रकारचा कॅमेरा कार्डावर प्रायव्हेट, बीडीएमव्ही, स्ट्रीम अशी उतरंड करतो आणि फाइलींना ०००००, ००००१ असे आकडे देतो. दुसरं कार्ड घातलं की पुन्हा शून्यापासून. २०१२ मध्ये आम्ही 'फालतू फोल्डर कशाला' म्हणून नुसत्या एमटीएस फाइली उचलून एका फोल्डरमध्ये टाकायचो. दुसऱ्या कार्डाची ००००३ पहिल्या कार्डाच्या ००००३ वर बसली. विंडोजने नक्कीच विचारलं असणार, 'बदलू का?' आणि आमच्यापैकी कुणीतरी मांडवातल्या गडबडीत 'हो' दाबलं असणार.

आशा सोडली होती. मग आठवलं : 'नवीन २' डिस्कवर कार्डांचे अख्खे डंप होते. ते कुठेत? पुसायच्या यादीत! डुप्लिकेट शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने ते 'आधीच आहेत' म्हणून खुणावले होते. मी त्याला नाव आणि आकार एवढंच बघायला सांगितलं होतं, कारण मजकूर तपासायला वेळ लागतो. पण लांब रेकॉर्डिंगचे हा कॅमेरा दोन-दोन जीबीचे तुकडे करतो, आणि भरलेल्या तुकड्याचा आकार बाइटपर्यंत सारखा. नाव तेच, आकार तोच, आत एकीकडे पाय धुणं आणि दुसरीकडे आजोबा. ९.१ टीबी यादीत होते, आणि डिलीटचं बटण मी रविवारी दाबणार होतो.

सगळी यादी चेकसमने, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेल्या आकड्याने, परत तपासली. अडीच दिवस गेले. खरे डुप्लिकेट ७.२ टीबी. म्हणजे १.९ टीबी असं होतं की जे मी हसत-हसत पुसलं असतं.

आजोबांचं अष्टक तुकड्यांच्या सांध्यावरच होतं, ००००३ संपून ००००४ सुरू होते तिथे. चोवीस मेगाबिटला दोन जीबी म्हणजे जेमतेम अकरा मिनिटं, आणि आमचे अंतरपाट त्याहून जास्त वेळ धरलेले असतात. दोन फाइली टाइमलाइनवर शेजारी ठेवल्या की 'सावधान'च्या आधी आवाज क्षणभर तुटतो. क्रॉसफेड करून बघितलं, सूर चिरतो. उपाय फार साधा निघाला : विंडोजच्या काळ्या खिडकीत कॉपी आज्ञेला बायनरीचा पर्याय देऊन दोन्ही फाइली अधिकच्या चिन्हाने जोडायच्या. कॅमेऱ्याने मुळात एकच प्रवाह तोडलेला असतो, तो परत सांधतो. पाच मिनिटांचं काम. आवाज अखंड.

म्हातारा काय गायलाय! शेवटच्या ओळीला दम लागला तर थांबून पाणी मागितलंय आणि मग पुरी केलीय. ते गाण्याखाली दाबणारा मी.

१६ ऑगस्ट

आता चार नव्या ८ टीबी डिस्क. दोन इथे, दोन बाहेरगावी, दोन्ही जोड्यांवर तेच. ८ टीबी म्हणून घेतलेली डिस्क विंडोजमध्ये ७.२७ दिसते, दुकानदाराशी भांडू नका, मोजायच्या पद्धतीचा फरक आहे. १३.८ टीबी दोन डिस्कांत बसतं, जेमतेम.

हिशेब होता ११० तासांचा : लिहायचं, मग चेकसमसाठी परत वाचायचं, दोनदा. झाले १४३. एक डिस्क पहिल्या दोन तासांनंतर १६० वरून ३० एमबीवर आली. शिंगल्ड प्रकारची आहे, कौलांसारखे एकावर एक चढवलेले ट्रॅक. सतत लिहायला लागलं की दमते. खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही. वाचायला ठीक आहे म्हणून ठेवली.

गुरुवारी दुपारी लाईट गेली आणि यूपीएसने चार सेकंदांत मान टाकली. तेव्हा कॉपी चालू असलेली डिस्क मी घाईत एक्सफॅट फॉरमॅटमध्येच ठेवली होती. चालू असलेला अख्खा फोल्डर गडबडला, डिस्क फॉरमॅट करून पहिल्यापासून. या वेळी एनटीएफएस. यूपीएसची बॅटरी २,६००.

टेपवर ठेवायचा विचार करून पाहिला. एलटीओ-८ च्या एका टेपवर १२ टीबी बसतात, पण टेपचं यंत्र लाखांत जातं, आणि एलटीओ-८ चं यंत्र फक्त एक पिढी मागचं वाचतं. आमच्या आकाराच्या धंद्याला नाही. क्लाउडवर चढवायचं तर १०० मेगाबिटच्या लाइनला एका टीबीला बावीस तास, तेही लाइन दिवसभर टिकली तर. फक्त हायलाइट, डीआरपी आणि मजकुराच्या फाइली क्लाउडवर टाकल्या. तेवढं परवडतं.

२४ ऑगस्ट

गणपतीच्या आधी विट्याला. दुसरी जोडी बहिणीच्या घरी. सांगलीत दोन्ही जोड्या ठेवण्यात अर्थ नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. तेव्हा दुकान हरभट रोडला तळमजल्यावर होतं. मॉनिटर डोक्यावर घेऊन निघालो आणि डिस्कचं खोकं टेबलाखाली राहिलं. न फिरणाऱ्या दोनपैकी एक त्यातलीच. विटा पठारावर आहे, तिथे कृष्णा यायची नाही.

बहिणीने डबा हातात घेऊन विचारलं, "ह्याला ऊन दाखवायला लागतं का?" नाही म्हटलं, पण वर्षातून दोनदा मशिनला लावून फिरवायला लागतं. भाऊबीजेला आणि राखीला येणं होतंच.

११ सप्टेंबर

विट्याहून एक डिस्क उलट आणून, जुन्या मशिनवर लावून, पाच प्रोजेक्ट उघडले. चिठ्ठ्या टाकून निवडले, सोपे बघून नाही. चार उघडले. पाचव्यात, २०१९ च्या एका बारशात, ड्रोनचं फुटेज नव्हतं. ड्रोनवाल्याने पेनड्राइव्हवर दिलं होतं आणि मी ते पेनड्राइव्हवरूनच टाइमलाइनवर ओढलं होतं. पेनड्राइव्ह त्याला परत दिला. फिल्ममध्ये आहे तेवढं आहे. आता एडिटला बसायच्या आधी पेनड्राइव्ह रिकामा करून खिशात, असा नियम मदतनिसाला लावलाय.

खर्च : चार डिस्क ७१,२००, डिस्क लावायचा डॉक ३,४००, बॅटरी २,६००, प्लगइन ८,५००, हवाबंद डबे आणि सिलिका ६००. एकूण ८६,३००. टकटकणाऱ्या डिस्कच्या रिकव्हरीला पुण्यात ३८,००० सांगितले. तीत काय होतं ते एक्सेलमध्ये शोधलं, २०१० ची सात लग्नं. त्यातल्या पाच घरांकडे डीव्हीडी आहे आणि चालते. उरलेल्या दोघांना खरं ते सांगितलं. एकजण रागावले.

बायकोचं म्हणणं, जुनं फुटेज शोधून द्यायचे इथून पुढे १,५०० घ्यायचे. बरोबर आहे. तासगावच्या ताईंकडून घेतले नाहीत. त्यांनी पेनड्राइव्ह नेला, पक्षपंधरवडा आहे, आजोबांच्या तिथीला घरात लावणार म्हणाल्या.

माळ्यावरचा मिनीडीव्ही कॅसेटींचा खोका खाली काढलाय. १४० कॅसेटी, एक तासाची कॅसेट उतरवायला एक तास. कॅमेरा चालू होतो, पण कॅसेटचं दार बंद होत नाही. मिरजेत एक दुरुस्तीवाला अजून आहे म्हणतात, सोमवारी जाऊन येतो.